बन्नोची मतदार यादी

मेश्रामकाका,

तुमची वही माझ्याकडे आहे. काळजी करू नका, नीट ठेवली आहे, तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकूंनी ती माझ्या हातात दिली. त्याआधी तुमच्या संघपालने दोन-चार पानं उलटून पाहिली होती. त्याला वाटलं होतं, बाबांनी आत्मचरित्र लिहिलं असेल, ते नाही तर निदान ईमेलचा पासवर्ड तरी. आत निघाली आयर्लंडमधल्या एका बुडालेल्या गावाची मतदार यादी, मराठीत, पट्टीने रकाने आखून. "ताई, मला हे काही झेपत नाही यार," तो म्हणाला. "तुम्हीच ठेवा. तुमचं दोघांचंच काहीतरी चाललेलं असायचं."

खरं आहे त्याचं. आपलं दोघांचंच काहीतरी चाललेलं असायचं, आणि ते अर्धवट राहिलं. तुम्ही गेलात त्याच्या अकरा दिवस आधी आपलं भांडण झालं होतं. भांडण तरी कसलं, तुम्ही एक वाक्य बोललात आणि चहा न पिता उठलात. नागपूरचा माणूस चहा न पिता उठतो म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं कुणालाही कळेल. आणि पुण्याच्या बाईने आपणहून केलेला चहा वाया जातो, म्हणजे तर फारच. हा विनोद मी तुम्हाला पुढच्या शनिवारी येऊन सांगणार होते. तो शनिवार मी टाळला, मग त्याच्या पुढचा आलाच नाही.

आपली ओळखच मुळी एका चुकीतून झाली. संघपाल अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने इथलं पहिलं मत दिलं, आणि तुम्हाला मुलाचं नाव यादीत छापलेलं बघायचं होतं. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत आयुष्य काढलेले अव्वल कारकून तुम्ही. यादी बघितल्याशिवाय तुमचा कशावर विश्वास बसत नसे. म्हणून तुम्ही आपल्या डब्लिनच्या लायब्ररीत गेलात आणि काउंटरवर म्हणालात, "मॅडम, डब्लिन काँस्टिट्युअन्सी. व्होटर लिस्ट. ओल्ड, न्यू, एनी."

आता ओहायोतल्या या गावाला नाव आयर्लंडच्या राजधानीचं. जिथे तिथे हिरवी तिपानी चिन्हं रंगवलेली, उन्हाळ्यात आयरिश जत्रा. आणि इथे काँस्टिट्युअन्सी असं कुणी म्हणत नाही, डिस्ट्रिक्ट म्हणतात. त्या पांढऱ्या केसांच्या लायब्ररियन बाईंना वाटलं, या आजोबांना आयर्लंडच्या इतिहासाची आवड दिसते. त्यांनी जुन्या आयरिश पार्लमेंटच्या मतदारसंघांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो दोन तास मान खाली घालून वाचलात.

मी पलीकडच्या टेबलाशी बसले होते, आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होते. फोन ठेवला तशी तुम्ही आलात. अंगात निळा स्वेटर, डोक्याला कानटोपी, पुस्तकात बोट घातलेलं. "बाई, तुम्ही मराठी दिसता. एक सांगा मला, या ओहायोत राजा कधी होता?"

मी हसले. लायब्ररीत हसू नये एवढी हसले. तुम्ही रागावला नाहीत. "असं आहे काय," म्हणालात, पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलंत आणि ते घरी न्यायचं असेल तर काय करावं लागतं ते मला विचारलंत. चूक कळल्यावर माणसं पुस्तक परत करतात. तुम्ही लायब्ररीचं कार्ड काढलंत. तुमच्याबद्दल मला जे काही वाटतं ते बहुतेक त्याच दिवशी वाटायला लागलं.

आठ दिवसांनी तुम्ही मला नदीकाठच्या रस्त्यावर गाठलंत आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू झालात. "बाई, एक गाव सापडलं. मतदारसंघ आहे, खासदार दोन आहेत, आणि मतदार किती? एकही नाही!"

ते गाव बॅनो. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेक्सफर्ड परगण्यात. एके काळचं बंदराचं गाव. रस्ते, घरं, चर्च, सगळं होतं. मग समुद्राने वाळू आणायला सुरुवात केली. खाडीचं तोंड बुजलं, जहाजं यायची थांबली आणि हळूहळू गावच वाळूखाली गेलं. उरलं एक पडकं चर्च आणि त्याच्या भोवतीची थडगी. पण राजाने कधी काळी दिलेल्या सनदेत लिहिलं होतं की बॅनोचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटात बसतील, म्हणून ते बसत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या बसले. निवडणूक म्हणे एका पडक्या भिंतीपाशी उरकायची. आसपासची जमीन ज्याची, तो दोन नावं सांगणार, कागदावर सही होणार, झाली निवडणूक. शेवटी आयर्लंडचं पार्लमेंटच लंडनच्या पार्लमेंटात विलीन झालं, तेव्हा कुठे बॅनोचा मतदारसंघ संपला. नुकसानभरपाई मिळाली ती जमीनमालकाला.

हे सांगताना तुम्ही चालता चालता थांबत होतात. तुमच्या चालण्याला कुठलाही विषय आडवा यायचा. "आता पाहा," तुम्ही म्हणालात, "गावात माणूस नाही म्हणून मतदार नाही, इथवर ठीक. पण वाळूच्या कडेला, शेतांत, झोपड्यांत माणसं होतीच ना? त्यांची नावं काहून नाही?" त्या लोकांचा कॅथलिक धर्म सरकारला चालत नव्हता, म्हणून कितीतरी वर्षं त्यांना मताचा हक्कच नव्हता, हेही तुम्ही शोधून काढलं होतंत. आणि मग अगदी साध्या आवाजात, नदीकडे बघत, तुम्ही आपल्या आजोबांचं सांगितलंत. त्यांचं नाव आयुष्यात एकाच यादीत होतं, गावकीच्या कामाच्या पाळीच्या. तुमचे वडील देशातल्या पहिल्या निवडणुकीत मत देऊन आले तेव्हा त्यांनी घरात शिरायच्या आधी अंगणात उभं राहून शाई लागलेलं बोट सगळ्यांना दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा आईच्या कडेवर होता. तुम्हाला ते आठवणं शक्य नाही, पण आठवतं असं तुम्ही ठामपणे म्हणायचात.

आमच्या घरी मतदानाचा दिवस म्हणजे जोडून आलेली सुट्टी. आम्ही सिंहगडावर जायचो आणि पिठलं-भाकरी खाऊन यायचो. बोटाला शाई लागली काय, न लागली काय, आमचं कुठे काही अडत नव्हतं.

बॅनोचं बन्नो तुम्हीच केलंत. मी शंभरदा सुधारलं. "बॅनो, काका. लग्नातली नवरी नाही ती." तुम्ही म्हणायचात, "आम्ही नागपूरचे. आम्हाला जे आवडलं त्याला आम्ही लाडाच्या नावानं हाक मारतो." काकूंनी तर कहरच केला. फोनवर कुणी विचारलं, काका कुठे आहेत, की त्या म्हणायच्या, "गेले लायब्ररीत, त्यांच्या बन्नोला भेटायला. या वयात लागलं हे!" आणि तुम्ही घरी आलात की मात्र न विचारता पुढ्यात गरम भाकरी यायची. बन्नोची खबर काय, तेही त्या विचारायच्या. त्यांना त्या गावाची तुमच्याइतकीच काळजी लागली होती, फक्त त्या तसं दाखवत नव्हत्या.

मग एके दिवशी तुम्ही जाहीर केलंत की बन्नोची मतदार यादी आपण तयार करणार. मी म्हटलं, "काका, गाव बुडालेलं, पार्लमेंट बंद पडलेलं, आता ती यादी कोण मागणार आहे?" तुम्ही म्हणालात, "मागितल्यावर करतात ती नक्कल. यादी आधी करून ठेवायची असते."

आणि तुम्ही खरंच केलीत. मी तुमची थट्टा खूप केली काका, पण मनातल्या मनात थक्क होत होते, हे आज सांगते. त्या लायब्ररियन बाईंना तुम्ही कामाला लावलंत. त्या लांबलांबच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं मागवायच्या, थडग्यांचे फोटो छापून द्यायच्या, जुन्या कुळांच्या नोंदी शोधायच्या. तुमचं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं मराठी शून्य, आणि तरी तुम्ही दोघं कपाळाला कपाळ लावून बसलेले दिसायचात. एकेक नाव तुम्ही देवनागरीत उतरवायचात. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, शेरा. घर क्रमांकाच्या रकान्यात सगळीकडे "वाळूखाली". बायकांचीही नावं घातलीत. मी म्हटलं, त्या काळी बायकांना मत नव्हतं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "यादी कोण करून राहिलं? मी. मग नियम कोणाचा?"

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली जत्रा मला फार आठवते. तिथल्या एका तंबूत लोक आपल्या आयरिश पूर्वजांची माहिती शोधत बसतात. तुम्ही वही काखेत मारून गेलात, मी सोबत. तिथे एक आजीबाई होत्या, डेव्हरो आडनावाच्या, त्यांचं घराणं वेक्सफर्डकडचं. तुम्ही वही उघडलीत, बोट सरकवत सरकवत एका ओळीवर आणलंत आणि म्हणालात, "मॅडम, युअर पीपल. सिरियल नंबर फॉर्टी वन टू फॉर्टी सिक्स." त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येईना. त्यांनी विचारलं, ही कुठली लिपी? मी सांगितलं. मग त्यांनी त्या सहा ओळींवरून बोट फिरवलं, अगदी हलकेच, आणि म्हणाल्या की आमची नावं असं कुणी ओळीने लिहून ठेवलेली मी कधीच पाहिली नव्हती. परत येताना तुम्ही त्या सिमेंटच्या कणसांच्या शेतापाशी गाडी थांबवायला लावलीत. माणसाच्या उंचीची पांढरी कणसं रांगेत उभी केलेलं ते शेत बघायला लांबून लोक येतात. तुम्हाला ते कधीच आवडलं नाही. "शेत आहे, दाणा नाही," म्हणालात. "बन्नोच आहे हे."

शेऱ्याचा रकाना मात्र सगळा कोरा. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी म्हटलं, "काका, यांच्यापुढे काय लिहायचं यात शंका आहे का? तीन-तीनशे वर्षं झाली. सगळे मयतच." तुम्ही पेनाला टोपण लावलंत. मला वाटलं विषय संपला. मग तुम्ही धुरपताबाईंचं सांगितलंत.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. यादीची दुरुस्ती चालू होती. घरोघर जाऊन कोण आहे, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं ते बघायचं आणि नावापुढे शेरा मारायचा: मयत, स्थलांतरित, दुबार. वस्ती लांब होती, ऊन मी म्हणत होतं, तुम्ही चावडीवरच बसलात. कोतवालाला विचारत गेलात आणि तो सांगेल तसे शेरे मारत गेलात. धुरपता नावाची म्हातारी? ती गेली जी, मागच्या पावसाळ्यात. तुम्ही लिहिलंत, मयत. गेली होती ती दुसरीच कुणी, त्याच नावाची. मतदानाच्या दिवशी ही धुरपताबाई धुतलेलं लुगडं नेसून पायी चालत केंद्रावर आली. तुम्ही तिथेच टेबलाशी होता. यादी तिच्यापुढे धरून तिला सांगावं लागलं की बाई, तुमचं नाव मयत दाखवलं आहे.

"मी त आहो ना जी इथं," ती म्हणाली.

तुम्ही म्हणालात, यादीत नाही. तर ती तुमच्याकडे बघतच राहिली. "मंग मी कोन आहो?"

ती मत न देता परत गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या घरी गेलात, स्वतः अर्ज भरलात, तिचा अंगठा घेतलात. नाव पुन्हा लागलं. पण पुढची निवडणूक यायच्या आत ती खरोखरच गेली. तेव्हा तिच्या नावापुढे मयत लिहायलाही तुम्ही तिच्या घरी जाऊन आलात. "त्यानंतर बाई, स्वतः घरी जाऊन पाहिल्याशिवाय मी तो शब्द कधी लिहिला नाही. बन्नोला जाणं काही मला जमत नाही. मग कसं लिहू?"

इतका वेळ मी ज्याला म्हातारपणीचा छंद समजत होते तो काय होता, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि एवढं सगळं कळूनही मी तुमच्याशी खोटं बोलले. मला नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली होती. शपथ घेतली, भारताचा पासपोर्ट परत केला, त्यावर रद्द झाल्याचा शिक्का बसला. त्या शिक्क्याने मला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. पुण्याच्या यादीतून आपलं नाव आता जाणार, एवढंच डोक्यात बसलं. इथल्या यादीत नाव घालणं म्हणजे त्या शिक्क्याखाली आपणच सही करणं, असं काहीतरी मला वाटायचं. हे झालं एक कारण. दुसरं कारण साधा आळस, आणि तेच बहुधा मोठं. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही फोनवर विचारलंत, "मत दिलं?" मी म्हटलं, "हो, सकाळीच." तुम्ही विचारलंत, "रांग होती?" मी म्हटलं, "छोटीशी." एक थाप पचली की तिच्यावर दुसरी बिनधास्त बसते.

तुम्हाला स्वतःला इथे मत नव्हतं. तुमचं नाव नागपूरच्या यादीत, परदेशात राहणारा मतदार म्हणून रीतसर नोंदवलेलं. त्यामुळे आमची मतं हाच तुमचा सण. आणि मी हे विसरले की इथली मतदार यादी कुणालाही बघता येते. तुम्ही मात्र ती बघणारच होता.

ऑगस्टच्या अखेरीला भर दुपारी तुम्ही माझ्या दारात उभे होता. डोक्यावर छत्री, हातात लायब्ररीत छापून घेतलेले कागद, श्वास लागलेला. "बाई, घोटाळा झाला. तुझं नाव उडवलं कुणीतरी! सगळी यादी पाह्यली मी. आडनावानं पाह्यली, पत्त्यानं पाह्यली. तुझ्या शेजारचा आहे, पलीकडचा आहे, तूच नाही." तुम्ही तक्रारीचा अर्जसुद्धा लिहून आणला होतात, पेन्सिलीने, मी तपासावा म्हणून. "गेल्या साली मत दिलं म्हणजे नाव होतंच. मधेच कापलं. आपण सोडायचं नाही यांना."

मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मला काहीतरी सुचेल असं वाटलं होतं. शेवटी मी खरं सांगून टाकलं. मग गप्प बसवेना म्हणून भराभर बोलत सुटले. की काका, इथे असतं काय, शाळेसाठीच्या जादा कराची लेव्ही आणि टाउनशिपचा कुणी ट्रस्टी. मला त्यातलं काय कळतं, माझ्या एका मताने काय होणार आहे, इथलं राजकारण काही आपलं नाही. एरवी तुम्ही यातल्या प्रत्येक वाक्याला धरून तासभर भांडला असतात. बन्नोचा जमीनमालक काढला असतात. मी त्याचीच वाट बघत होते.

तुम्ही कागदांची घडी घातलीत. "मला वाटलं, कारकुनाची चूक असेल," म्हणालात आणि उठलात.

काका, त्या वाक्याने मी अकरा दिवस तुमच्याकडे फिरकू शकले नाही. तुम्ही चिडला असतात तर दुसऱ्याच दिवशी आले असते. तुम्हाला आजवर यादीत एकच चूक माहीत होती, कारकुनाची. मतदाराची चूक तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मला फक्त "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द होते आणि माझ्याकडे अकरा दिवस होते. अकराव्या दिवशी सकाळी संघपालचा फोन आला, "ताई, बाबा उठतच नाहीयेत," तेव्हा मी चपला न घालता धावत आले.

वही घरी आणल्यावर आठवडाभर मी ती उघडली नाही. मग एका रविवारी उघडली. डेव्हरोंच्या ओळी शोधल्या, बायकांची नावं वाचली, आणि शेवटच्या पानावर आले. तिथे बन्नो संपवून तुम्ही खाली एक रेघ मारली होती आणि नवीन मथळा घातला होता: डब्लिन, ओहायो. त्याखाली एकच ओळ. अनुक्रमांक एक. वर्षा पटवर्धन. घर क्रमांक बरोबर लिहिलेला. आणि सबंध वहीत जो रकाना कोरा होता, त्यात तुमच्या गोल अक्षरात तुम्ही लिहिलं होतंत: "स्वतः घरी जाऊन पाहिले. हयात आहे. नाव नोंदवावे."

खाली तारीख होती, तुम्ही चहा न पिता गेलात त्याच दिवसाची.

मी किती वेळ रडले ते सांगत नाही, तुम्ही त्याचीही नोंद कराल. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. घरबसल्या कॉम्प्युटरवर झालं असतं, पण मला कागदावर भरायचं होतं. त्याच बाई काउंटरवर होत्या. त्यांनी विचारलं, तुमचे ते वाळूतल्या गावाचे मित्र बऱ्याच दिवसांत आले नाहीत, बरे आहेत ना? मी सांगितल्यावर त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनीच मला फॉर्म काढून दिला आणि मी भरेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पाच मिनिटं लागली. तीन वर्षं टाळलेलं काम पाच मिनिटांचं होतं.

या मंगळवारी मी मत देऊन आले. चर्चच्या हॉलमध्ये केंद्र होतं. तुमच्या माहितीसाठी, रांग खरोखरच छोटीशी होती. टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझं नाव त्या स्क्रीनवर टाकलं, चष्मा सरकवला, पुन्हा टाकलं आणि म्हणाले, सॉरी, तुम्ही यात दिसत नाही. काका, मागे चार माणसं उभी, हातात लायसन्स, अंगात चांगला कोट, आणि समोरचा माणूस सांगतोय की तुम्ही नाही. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "मी आहे ना इथे." मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी वर्षा हे आडनाव म्हणून टाकलं होतं. पटवर्धन टाकल्यावर मी सापडले. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. धुरपताबाई तशाच परत चालत गेल्या होत्या.

तिथून मी थेट तुमच्या घरी आले. काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "त्यांना कळलं असतं त आज पेढे मागवले असते." मग त्या उठल्या आणि कपाटातून एक कागद काढून आणला. नागपूरहून पुतण्याने पाठवलेला, मतदार यादीतून नाव वगळण्याचा अर्ज. अर्जदार म्हणून काकूंनी सही करून ठेवली होती. तुमचं नाव, वय, यादीतला अनुक्रमांक, सगळं भरलेलं होतं. फक्त कारणाची जागा मोकळी होती.

"माझ्याच्यानं लिहवत नाही," त्या म्हणाल्या. "तू लिही. तुला त्यांची पद्धत माहीत आहे."

मी पेन उघडलं. काकूंनी माझा हात धरला.

"असं नाही. आधी आत जाऊन पाहून ये. नाही त ते मानायचे नाहीत."

मी तुमच्या खोलीत गेले. पलंगावर चादर ताठ घातलेली होती. खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर होता, खिडकीत चष्म्याचं घर, भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्या खाली तुमची छत्री. मी सगळीकडे पाहिलं. चुकलं माझं, असं मोठ्याने म्हटलं. मग बाहेर येऊन लिहिलं.